बँड ऑफ ब्रदर्स: निष्ठा आणि कर्तव्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही मालिका पाहिलेल्या आणि पाहत असलेल्या लोकांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. त्यातले बहुतेक लढायांबद्दल नसतात. 'हा माणूस असा का वागला?' हेच लोकांना विचारायचं असतं. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दहाही भागांतले प्रसंग उघड केले आहेत, त्यामुळे मालिका अजून पाहिली नसेल तर पहिल्या तीन प्रश्नांपाशी थांबा.

१. मालिका खऱ्या माणसांवर आहे का?

हो. अमेरिकी लष्कराच्या १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये ५०६वी पॅराशूट इन्फन्ट्री रेजिमेंट होती. तिच्या दुसऱ्या बटालियनमधल्या 'ईझी' कंपनीची ही गोष्ट आहे. १९४२मध्ये जॉर्जिया राज्यातल्या टोकोआच्या छावणीत ती सुरू होते आणि १९४५मध्ये ऑस्ट्रियात संपते. स्टीफन अँब्रोज यांच्या १९९२च्या पुस्तकावरून एचबीओने २००१मध्ये दहा भागांची मालिका केली. टॉम हँक्स आणि स्टीव्हन स्पीलबर्ग तिचे निर्माते आहेत. भागांच्या सुरुवातीला जे वृद्ध बोलताना दिसतात ते त्या कंपनीतलेच जवान. त्यांची नावं शेवटच्या भागाच्या अखेरीपर्यंत दाखवलेली नाहीत. कोण वाचलं हे आधीच कळू नये म्हणून तसं केलं असावं, असं मला वाटतं.

२. इतकी नावं, इतके हुद्दे. कोण कुणाला हुकूम देतो?

पहिले दोन भाग सगळ्यांचाच गोंधळ होतो. तळाशी दहा-बाराजणांचा स्क्वॉड असतो आणि त्यावर सार्जंट. तीन-चार स्क्वॉडची प्लाटून, तिच्यावर लेफ्टनंट. तीन प्लाटूनची कंपनी, तिच्यावर कॅप्टन किंवा वरिष्ठ लेफ्टनंट. कंपन्यांची बटालियन, बटालियनांची रेजिमेंट. रेजिमेंटवर कर्नल सिंक आहेत.

ध्यानात ठेवायची माणसं थोडीच. विंटर्स आधी प्लाटून सांभाळतो, मग कंपनी आणि शेवटी बटालियन. निक्सन त्याचा मित्र आणि गुप्तवार्ता अधिकारी. लिप्टन, ग्वार्निअर, मार्टिन, रँडलमन, मलार्की हे सार्जंट. सार्जंटांकडे नीट लक्ष द्या. अधिकारी मरतात, बदलतात, वर जातात, पण कंपनी धरून ठेवतात ते सार्जंट.

३. निष्ठा आणि कर्तव्य एकच ना? वेगळं काय करायचं त्यात?

बऱ्याच युद्धपटांत ते एकच असतं, म्हणून ते पाहून झाल्यावर फारसं काही उरत नाही. या मालिकेत कर्तव्य वरून येतं: हुकूम, नकाशा, वेळ. निष्ठा बाजूच्या खड्ड्यातल्या माणसाशी असते. बहुतेक दिवस दोन्ही एकाच दिशेला ओढतात. ज्या दिवशी ती विरुद्ध दिशांना ओढतात, त्याच दिवसांवर या मालिकेतले सर्वांत चांगले भाग लिहिले गेले आहेत. खाली सार्जंटांचा राजीनामा (प्रश्न ४), इस्पितळातून पळणं (प्रश्न ६) आणि खोटा अहवाल (प्रश्न १२) आले आहेत, ते याच दृष्टीने वाचा.

आणखी एक. इथली निष्ठा ही भावना म्हणून फार कमी वेळा दिसते. कुणी कुणाला 'तू माझ्या भावासारखा' असं म्हणत नाही. निष्ठा दिसते ती कामांतून. बेल्जियममधल्या बास्तोन्यच्या जंगलात मेडिक रो, म्हणजे जखमींवर उपचार करणारा जवान, एकेका खड्ड्यापाशी जाऊन 'कात्री आहे का, मॉर्फीन आहे का' असं विचारत फिरतो, त्यात ती आहे.

४. सार्जंटांनी सोबेलविरुद्ध राजीनामे दिले. ही गद्दारी नव्हे का?

सोबेल तेव्हा कंपनीचा प्रमुख होता, त्यामुळे कायद्याने पाहिलं तर बंडच. इंग्लंडमध्ये, फ्रान्समधल्या नॉर्मंडीवरच्या स्वारीला काही महिने उरले असताना, युद्धकाळात. कर्नल सिंक त्यांना सांगतात की यासाठी तुम्हाला गोळ्या घालता येतील, आणि ती नुसती धमकी नसते. एका सार्जंटचा हुद्दा जातो, एकाला रेजिमेंटमधून हाकललं जातं.

पण त्यांनी केलं काय ते पाहा. कुणी काम थांबवलं नाही, कुणी पळालं नाही, सोबेलवर कुणी हात टाकला नाही. प्रत्येकाने लेखी कळवलं की या अधिकाऱ्याच्या हाताखाली सार्जंट म्हणून काम करण्याची आपली इच्छा नाही. सोबेल कवायतीत कडक होता, पण मैदानात नकाशा वाचताना गडबडायचा, सरावात स्वतःचीच माणसं सापळ्यात नेऊन सोडायचा. सार्जंटांना उद्या आपापला स्क्वॉड घेऊन त्याच्यामागे फ्रान्समध्ये उतरायचं होतं. आपल्या दहा-बाराजणांचे जीव त्याच्या हाती द्यायचे की आपल्या हुद्द्याच्या फिती पणाला लावायच्या, एवढाच निर्णय होता. त्यांनी स्वतःचं पणाला लावलं. माझ्या लेखी निष्ठा आणि बंडखोरी यांत इथेच फरक पडतो: किंमत कोण मोजणार हे त्यांनी आधी ठरवलं होतं, आणि ती मोजणारे तेच होते.

सिंक काय करतात हेही पाहण्यासारखं आहे. सार्जंटांना शिक्षा होतेच, शिस्त राखावीच लागते. पण सोबेललाही ते कंपनीतून काढून चिल्टन फोलिअटच्या पॅराशूट शाळेवर पाठवतात. दोन्ही निर्णय एकाच माणसाचे आणि दोन्ही बरोबर.

५. मग सोबेल खलनायक आहे का?

नाही, आणि मालिकाही तसं म्हणत नाही. टोकोआजवळच्या करही डोंगरावर तीन मैल वर आणि तीन मैल खाली पळवून पळवून त्याने जे शरीर आणि जो हट्ट या पोरांमध्ये तयार केला, तोच पुढे बर्फात कामाला आला. सोबेलमुळेच ईझी कंपनी इतकी घट्ट झाली, असं तिथले कित्येक जवान पुढे सांगत. काही अंशी त्याच्या द्वेषाने त्यांना एकत्र बांधलं, पण ते काही अंशीच. त्याला माणसं तयार करता येत होती, लढवता येत नव्हती. मालिकेचा शेवटचा भाग त्याला पुन्हा विंटर्ससमोर आणतो. आता विंटर्स मेजर आहे आणि सोबेल अजून कॅप्टन. सोबेल नजर चुकवून निघून जाऊ पाहतो, तेव्हा विंटर्स त्याला थांबवतो आणि सॅल्यूट हुद्द्याला करायचा असतो, माणसाला नाही, याची आठवण करून देतो. काही प्रेक्षकांना हा सूड वाटतो. मला तो थोडा क्रूर वाटतो, पण तो नियम सोबेलच्याच जगातला होता.

६. जखमी जवान इस्पितळातून पळून आघाडीवर का येतात? तो गुन्हा नाही का?

गुन्हाच, परवानगीशिवाय गैरहजेरी. तरी पोपाय विन हा जवान येतो, पुढे 'जो टॉय' नावाचा जवानही हात बांधलेल्या अवस्थेत उपचारकेंद्रातून परततो. यामागे एक व्यवहारी कारण आहे. फार दिवस इस्पितळात काढले की परत कुठल्या तुकडीत टाकलं जाईल याचा भरवसा नसे. अनोळखी लोकांमध्ये लढणं त्यांना गोळीपेक्षा भीतिदायक वाटत होतं, आणि ते समजण्यासारखं आहे. रात्री पहाऱ्यावर बाजूला कोण आहे, तो झोपेल की नाही, गोळीबार सुरू झाला की पळेल की नाही, हे माहीत असणं म्हणजेच तिथे सुरक्षितता.

पोपायचाच आणखी एक क्षण. नॉर्मंडीतल्या ब्रेकूरला जर्मन तोफांवर हल्ला चालू असताना त्याच्या पार्श्वभागात गोळी लागते, आणि तो विंटर्सची माफी मागू लागतो, चूक झाली म्हणतो. वरून गोळ्या चालल्या आहेत, रक्त वाहतंय, आणि त्याला वाईट कशाचं वाटतंय, तर आपल्यामुळे इतरांचं काम खोळंबलं याचं. हा प्रसंग खऱ्या विनच्या बाबतीतही घडला होता.

याची दुसरी बाजू प्रश्न ८मध्ये आहे.

७. नव्या भरतीच्या जवानांशी जुने इतके वाईट का वागतात?

चौथा भाग पाहताना संताप येतो, कबूल. मिलर नावाचा पोरगा रेजिमेंटला नॉर्मंडीसाठी मिळालेली फीत छातीवर लावतो, नियमाने त्याला तो हक्क असतो. कॉब त्याला सगळ्यांसमोर झापतो की तू तिथे होतास का? पोरगा मुकाट्याने फीत काढून ठेवतो. मग बुल रँडलमन कॉबला शांतपणे सुनावतो की नॉर्मंडीत तर तूही लढला नाहीस. कॉब विमानातच जखमी झाला होता, त्याने उडी मारलीच नव्हती. पुढे हॉलंडमध्ये न्यूननच्या लढाईत मिलर मारला जातो.

कारण नुसता अहंकार असतं तर ही गोष्ट इतकी लागली नसती. जुन्या जवानांनी टोकोआपासून सोबत असलेले मित्र गमावले होते. नव्याचं नाव शिकायचं, त्याच्या आईबद्दल ऐकायचं आणि आठवड्याने त्याचं प्रेत उचलायचं, हे पुन्हा करण्याची त्यांची तयारी नव्हती. शिवाय नवा जवान अनुभव नसल्याने चुकतो आणि त्याच्या चुकीत शेजारचाही मरू शकतो. घट्ट बांधलेल्या गटाची निष्ठा बाहेरच्याला बंद दारासारखी लागते, आणि मालिका हे लपवत नाही. ही तिची सर्वांत प्रामाणिक गोष्ट आहे असं मला वाटतं.

तरी दार उघडतं. बेब हेफ्रन आणि जुलियन दोघेही नंतर आलेले. आपल्यापैकी एक गेला तर दुसऱ्याने त्याच्या वस्तू घरी पोचवायच्या, असं त्यांनी ठरवलेलं असतं. बास्तोन्यला गस्तीवर जुलियन पडतो आणि मशीनगनच्या माऱ्यामुळे बेबला त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. नंतर बेबला छळतं ते फक्त मित्राचं मरण नाही. आपण शब्द दिला होता, आणि तो राहिला, हेही त्याला सोडत नाही.

८. वेब्स्टरला सगळे टाळतात. तो पळपुटा होता का?

मुळीच नाही. तो नॉर्मंडीत आणि हॉलंडमध्ये लढला, ऑक्टोबर १९४४मध्ये पायाला गोळी लागली, आणि इस्पितळाने सोडलं तेव्हा परत आला. नियमाप्रमाणे त्याचं काहीच चुकलं नाही. पण मधल्या काळात बास्तोन्य घडलं. मालिकेनुसार बेल्जियममध्ये १४५जण गेले आणि ६३ बाहेर आले. ते परतलेले जवान ट्रकमध्ये बसून त्याच्याकडे पाहतात आणि त्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: पोपायसारखा तू का नाही पळून आलास?

हा प्रश्न अन्यायाचा आहे. कायदा पाळल्याबद्दल माणसाला गुन्हेगार ठरवणं ही घट्ट निष्ठेची काळी बाजू. आठवा भाग हे वेब्स्टरच्याच नजरेतून दाखवतो, त्यामुळे प्रेक्षक पहिल्यांदा दाराच्या बाहेर उभा राहतो. गस्तीवर जाऊन आल्यावर हळूहळू त्याला जागा मिळते. माफी कुणीच मागत नाही.

९. कॉम्प्टन आणि ब्लाइथ खचले. मग ते भित्रे म्हणायचे का?

दोघांची गोष्ट वेगळी आहे. ब्लाइथ या जवानाला नॉर्मंडीतल्या कॅरेंटनमध्ये दिसेनासं होतं, डोळ्यांना काहीही झालेलं नसताना. विंटर्स त्याच्याशी हळू आवाजात बोलतो, इंग्लंडला परत पाठवण्याची तयारी दाखवतो, आणि त्याची दृष्टी परत येते. भीती ही शरीराची गोष्ट आहे, तिच्यावर ओरडून उपयोग नसतो, हे त्या दोन मिनिटांत कळतं.

लेफ्टनंट कॉम्प्टनचं जास्त अवघड आहे, कारण तो धाडसी होता, ब्रेकूरला पुढे होता. बास्तोन्यच्या जंगलात तोफगोळ्याने जो टॉयचा पाय उडतो. ग्वार्निअर त्याला ओढायला धावतो आणि दुसऱ्या गोळ्यात त्याचाही पाय जातो. हे दोघं कॉम्प्टनचे जवळचे मित्र. कॉम्प्टन ते पाहतो, मेडिकला हाका मारतो, हेल्मेट त्याच्या हातातून गळून पडतं. त्याला मागे पाठवलं जातं. लिप्टन निवेदनात सांगतो की त्यामुळे त्याच्याबद्दलचा आदर कुणाच्याच मनात कमी झाला नाही. प्रत्येक माणसाची एक मर्यादा असते आणि ती कुठे आहे हे पोचेपर्यंत कळत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

ज्याला घाबरलेल्या माणसाचा तिरस्कार वाटतो तो सहसा तिथे गेलेला नसतो, असं या भागातून मला वाटत राहतं.

१०. मेडिक रो कुणाशी मैत्री का करत नाही?

त्याला ज्यांना शिवायचं, बांधायचं, आणि कधी सोडून पुढे जायचं आहे, त्यांच्याशी जवळीक परवडत नाही. सहाव्या भागात सगळे एकमेकांना टोपणनावांनी हाक मारतात, रो मात्र आडनावाने. खड्ड्यात बसलेला हेफ्रन ते त्याच्या लक्षातही आणून देतो. भागाच्या अखेरीस हेफ्रनचा हात कापतो, आणि रो बेल्जियन परिचारिका रेनेचा निळा रुमाल फाडून तो बांधतो. रेने तेव्हा गेलेली असते. ती खरी होती: रेने लमेर २४ डिसेंबर १९४४ला बास्तोन्यवरच्या बाँबहल्ल्यात गेली. रो त्या वेळी हेफ्रनला 'बेब' म्हणतो. पुन्हा पाहाल तेव्हा रोच्या तोंडची नावं ऐकत राहा, सगळा भाग त्यातच आहे.

११. डाइक नालायक आहे हे दिसत असताना विंटर्सने त्याला आधीच का काढलं नाही?

लोकांचा सर्वांत आवडता राग हा. उत्तर साधं आहे: त्याला तो अधिकार नव्हता, आणि बदली द्यायला माणूस नव्हता. डाइक, तेव्हाचा ईझी कंपनीचा प्रमुख, वरून आलेला होता, डिव्हिजनमध्ये त्याच्या ओळखी होत्या. फर्स्ट सार्जंट लिप्टन विंटर्सकडे येऊन स्पष्ट सांगतो की या माणसाच्या हाताखाली पोरं मरतील. हे सांगणंसुद्धा लिप्टनच्या हुद्द्याच्या माणसाला सोपं नव्हतं. विंटर्स ऐकतो, आणि तरी काही करू शकत नाही.

मग १३ जानेवारी १९४५, बास्तोन्यजवळचं फॉय गाव. कंपनी उघड्या मैदानात निघते आणि डाइक मध्येच गवताच्या गंजीमागे थांबतो. मागे उभा असलेला विंटर्स रायफल उचलून स्वतः धावायला लागतो, आणि सिंक त्याला अडवतात: तू आता बटालियन सांभाळतोयस, तुझी जागा इथे. हा क्षण मला फॉयच्या सगळ्या लढाईपेक्षा मोठा वाटतो. आपली माणसं समोर मरताहेत आणि कर्तव्य सांगतं की तू हलायचं नाहीस. विंटर्स थांबतो, मागे वळतो आणि समोर दिसलेल्या लेफ्टनंट स्पीअर्सला डाइकच्या जागी पाठवतो.

खऱ्या डाइकबद्दल थोडी सावधगिरी बाळगा. त्याला ब्राँझ स्टार मिळाला होता. मालिका सांगते ती ईझी कंपनीच्या जवानांची आठवण, आणि या कंपनीच्या मनात बाहेरून आलेल्यांना जागा कमीच असे (प्रश्न ७).

१२. विंटर्सने वरिष्ठांना खोटा अहवाल दिला. हे कर्तव्यात बसतं का?

बसत नाही. म्हणून तर हा प्रश्न सर्वांत जास्त येतो.

फेब्रुवारी १९४५, फ्रान्समधलं हागेनाऊ. मधे नदी, पलीकडे जर्मन, युद्ध शेवटाला आलेलं. वरून हुकूम येतो की रात्री नदी ओलांडून कैदी पकडून आणा. गस्त जाते, दोन कैदी मिळतात, पण जॅक्सन नावाचा जवान आपल्याच हातबाँबच्या तुकड्याने जखमी होतो आणि परतल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मरतो. वीस वर्षांचा पोरगा. सिंक खूश होतात आणि दुसऱ्या रात्री पुन्हा गस्तीचा हुकूम देतात. विंटर्स जवानांना गोळा करतो, गस्तीचा तपशील नीट सांगतो, आणि मग सांगतो की रात्रभर झोपा. सकाळी मला कळवायचं की नदी ओलांडली, जर्मन मोर्च्यांपर्यंत गेलो, कैदी मिळाले नाहीत.

याला 'हुकूम मोडला' म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांशी मी सहमत नाही. विंटर्स आयुष्यभर नियमाने चाललेला माणूस आहे. सोबेलने शौचालयाच्या तपासणीवरून त्याच्यावर खोटा ठपका ठेवला, तेव्हाही त्याने आरडाओरडा न करता कोर्ट मार्शलची मागणी लेखी नोंदवली होती. असा माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याने हिशेब केलेला असतो. दुसऱ्या गस्तीतून लष्कराला नवीन काही कळणार नव्हतं. कंपनीला मात्र आणखी एखादं प्रेत उचलावं लागलं असतं. पकडला गेला तर जाब एकट्या विंटर्सला द्यायचा होता, जवानांनी हुकमाप्रमाणेच वागलेलं असणार होतं. प्रश्न ४मधला सार्जंटांचा निकष इथेही लागू पडतो.

आणि हे नियम म्हणून चालणार नाही, हेही तितकंच खरं. प्रत्येक अधिकारी आपल्याला पटेल तेवढेच हुकूम पाळू लागला तर डाइकलाही गंजीमागे बसायचा हक्क मिळेल. विंटर्सने हे एकदाच केलं, आणि तेही दोन वर्षं हुकूम पाळून झाल्यावर.

१३. उलट उदाहरण आहे का, हुकूम पाळूनच नुकसान झाल्याचं?

न्यूननचा ब्रिटिश रणगाडा. घराआड जर्मन रणगाडा दबा धरून बसलाय, हे सार्जंट मार्टिन पाहतो, धावत जाऊन ब्रिटिश अधिकाऱ्याला सांगतो, भिंतीतूनच गोळा मारा म्हणतो. अधिकारी नम्रपणे नकार देतो: विनाकारण मालमत्तेची नासधूस करायची नाही असा हुकूम आहे, आणि मला तो रणगाडा दिसत नाही. पुढे सरकतो आणि उडवला जातो. हुकूम वाईट नव्हता, गाव डच लोकांचं होतं. फक्त हुकूम लिहिणाऱ्याला ती भिंत दिसत नव्हती आणि मार्टिनला दिसत होती.

१४. स्पीअर्सने कैद्यांना मारलं, अशी चर्चा मालिकाभर चालते. मग जवान त्याच्यावर विश्वास कसा ठेवतात?

कारण फॉयमध्ये तो त्यांच्यासाठी धावला. पलीकडच्या आय कंपनीशी संपर्क व्हावा म्हणून तो जर्मनांच्या मधून सरळ पळत गेला, आणि जर्मन इतके चकित झाले की आधी गोळीच झाडेनात. मग तो पळत परतही आला.

पण हे उत्तर पुरेसं नाही, आणि मालिकेलाही ते ठाऊक आहे. लिप्टनने अफवांबद्दल विचारल्यावर स्पीअर्स ना हो म्हणतो, ना नाही. आपण सर्वांत क्रूर आहोत असं लोकांना वाटण्यातही फायदा असतो, असं तो सुचवतो. खऱ्या स्पीअर्सने नॉर्मंडीत कैदी मारल्याचं त्याच्यासोबतच्या माणसांनी पुढे सांगितलं आहे. तो प्रश्न शौर्याने पुसला जात नाही. जवानांनी विश्वास ठेवला याचा अर्थ त्यांनी त्याला निर्दोष ठरवलं असा नाही. उद्या सकाळी आपल्याला जिवंत ठेवील असा अधिकारी त्यांना हवा होता, आणि तो होता.

ऑस्ट्रियातला प्रसंग मात्र त्याची दुसरी बाजू दाखवतो. दारूच्या नशेतला एक अमेरिकी सैनिक सार्जंट ग्रँटच्या डोक्यात गोळी झाडतो. स्पीअर्स ग्रँटला घेऊन जर्मन शल्यविशारदाच्या दारात जातो, आणि तो डॉक्टर ग्रँटला वाचवतो. गुन्हेगार हाती लागतो तेव्हा स्पीअर्स त्याच्यावर पिस्तूल रोखतो, आणि झाडत नाही.

१५. अधिकाऱ्याने जवानांशी किती जवळीक ठेवावी? कॉम्प्टनला विंटर्स का रागावतो?

कॉम्प्टन जवानांसोबत जुगार खेळतो. विंटर्सचं म्हणणं: जिंकला असतास तर? या माणसांकडून काही घेण्याच्या जागी स्वतःला कधी ठेवू नकोस. उद्या त्यांच्याकडून जीव मागावा लागणार आहे, आज त्यांचे पैसे खिशात घालायचे नाहीत. हे मित्रत्वाविरुद्ध नाही. मलार्की थकून गेलेला असतो तेव्हा विंटर्सच त्याला काही दिवस मागे, आपला निरोप्या म्हणून राहायला बोलावतो. मलार्की नाही म्हणतो, त्याला आपल्या पोरांजवळ राहायचं असतं.

१६. किती गोष्टी बदलल्या आहेत?

मुख्य घटना खऱ्या, बारीकसारीक रचना नाट्यमय. एक मोठी चूक मात्र माहीत असावी. तिसऱ्या भागाच्या शेवटी लिहून येतं की ब्लाइथ जखमेतून सावरलाच नाही आणि १९४८मध्ये गेला. प्रत्यक्षात तो बरा झाला, लष्करात राहिला, कोरियात लढला आणि १९६७मध्ये वारला. त्याच्या सोबत्यांची तशी समजूत होती, तीच पुस्तकात आणि पडद्यावर आली. नवव्या भागातल्या काउफरिंगच्या छळछावणीतही दुसऱ्या अमेरिकी तुकड्या आधी पोचल्या होत्या.

१७. लीबगॉटला कैद्यांना पुन्हा आत कोंडायला का लावलं? हे तर अमानुष आहे.

नवव्या भागात भुकेने खंगलेल्या कैद्यांना जवान पाव, चीज, हाती लागेल ते देत असतात. डॉक्टर येऊन थांबवतो: इतक्या दिवसांच्या उपासमारीनंतर पोटभर खाल्लं तर ते मरतील. शिवाय ते पांगले तर त्यांच्यावर उपचार कसे करणार? म्हणून दारं बंद ठेवायची. हा हुकूम वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होता. उपासमारीनंतर एकदम भरपूर खाण्याने माणसं खरोखरच दगावतात.

पण तो सांगायचा कुणी? जर्मन बोलणाऱ्या लीबगॉटने. तो विनवतो की हे मला सांगायला लावू नका. मग ट्रकवर उभा राहून सांगतो, आणि खाली बसून रडतो. इथे हुकूम देणाऱ्याने काही चुकीचं केलं नाही, पाळणाऱ्यानेही नाही, आणि तरी ते करताना लीबगॉट मोडतो. कर्तव्य योग्य असलं म्हणजे ते सोसवतंच असं नाही, आणि मालिका त्याला कुठलीही सांत्वना देत नाही.

१८. शत्रूच्या निष्ठेबद्दल मालिका काय म्हणते?

शेवटच्या भागात शरण आलेला जर्मन जनरल आपल्या सैनिकांशी बोलण्याची परवानगी मागतो. लीबगॉट त्याचं बोलणं विंटर्ससाठी भाषांतरित करत जातो, आणि ते शब्द ईझी कंपनीलाही तसेच लागू पडतात. हा प्रसंग पाहून काहीजण विचारतात की मग दोन्ही बाजू सारख्याच का? नाही. त्याच्या आधीचा भाग काउफरिंगचा आहे, आणि तो क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. बाजूच्या माणसाशी निष्ठा दोन्हीकडे होती. ती कशासाठी वापरली गेली, याचं उत्तर त्या छावणीत आहे.

१९. युद्ध संपल्यावर ऑस्ट्रियात एका माणसाला मारायला तिघांना पाठवतात. तिथे वेब्स्टर का अडतो?

छावणीचा प्रमुख म्हणून एक माणूस डोंगरातल्या घरात राहतोय, अशी माहिती मिळते. लीबगॉट, वेब्स्टर आणि सिस्क जातात. वेब्स्टर विचारत राहतो: हा तोच कशावरून? पुरावा काय? हुकूम आहे म्हणून मारायचं? लीबगॉटच्या मनात काउफरिंग आहे (प्रश्न १७), त्याला पुरावा नको. माणूस टेकडीवरून पळू लागतो आणि सिस्क त्याला गोळी घालतो. तो दोषी होता की नव्हता, मालिका सांगत नाही.

मला वेब्स्टरचा प्रश्न बरोबर वाटतो, आणि लीबगॉटचा राग समजतो. जर्मनीने शरणागती पत्करलेली होती. लढाईत हुकमामागे जी घाई असते ती आता नव्हती, चौकशीला वेळ होता, कोर्ट होती. सोबत्यांवरची निष्ठा म्हणून वेब्स्टर तिथवर जातो, पण गोळी झाडत नाही आणि लीबगॉटला अडवतही नाही. ज्याला कंपनीने परत आत घ्यायला इतका वेळ लावला (प्रश्न ८), त्याच माणसाला तिथे विचारण्याची गरज भासली, हे मला योगायोगाचं वाटत नाही.